पाच भोकांची प्लेट

पिस्तूल आपला माणूस स्वतः निवडतं, असं आमच्या टेनेसीत छातीठोकपणे सांगतात. वडिलांच्या पिस्तुलानं तीस वर्षं मला काही निवडलं नाही. त्याचा चाप इतका घट्ट, की तो ओढेपर्यंत माझा नेम शेजाऱ्याच्या कुरणात पोचायचा.

“पिस्तुलात खोट नाही, वेंडेल,” वडील म्हणायचे, “खोट तुझ्या हातात आहे.” हे ते चर्चच्या पंगतीतही सांगायचे.

ते वृद्धाश्रमात गेले आणि पिस्तूल माझ्याकडे आलं. मी ते विकायला काढलं, तेव्हा मेहुणा डेल्बर्ट म्हणाला, “अरे शहाण्या, आधी चाप तर बदलून बघ.” जेवणाच्या टेबलावरच त्यानं वीस मिनिटांत नवा चाप बसवला. रविवारी मागच्या बांधाला कागदी प्लेट टोचून मी पाच गोळ्या झाडल्या. पाचही अगदी मधोमध. पिस्तूल पहिल्यांदाच आवडलं. बाकी फारसं काही वाटलं नाही.

“आता जा आणि म्हाताऱ्याला दाखव,” डेल्बर्ट म्हणाला, “खोट कुणात होती ते.”

प्लेट घेऊन मी वृद्धाश्रमात गेलो. दुपारचं जेवण चाललं होतं. वडिलांनी प्लेट हातात घेतली, पाचही भोकांवरून सावकाश बोट फिरवलं आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.



“अहो साहेब,” ते म्हणाले, “जरा दुसरी प्लेट द्याल का? हिच्यातून पुडिंग गळेल.”