उंचीएवढा दोरा

नागपुरातल्या बांधकामावर, मजुरांच्या मुलांसाठी संस्थेने चालवलेल्या पाळणाघरात स्वयंसेविका म्हणून माझा इथला पहिलाच दिवस होता. एका मुलीने खिशातून लाल दोरा काढून माझ्यापुढे धरला. "ताई, मोजा."

दोरा माझाच होता. दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या बांधकामावरच्या अशाच पाळणाघरात मी मुलांच्या उंचीच्या खुणा भिंतीवर केल्या होत्या. आठवड्याभरात त्यांवर गिलावा चढला, म्हणून प्रत्येकाला उंचीएवढा दोरा कापून दिला होता.

तो आता तिच्या हनुवटीपर्यंतच पोचला. मी नवा कापून दिला, तरी ती हलेना. रिळाचा दोरा ओढून तिने माझ्या टाचेखाली सरकवला.

"अगं, मी आता वाढणार नाही."

"कुणी मोजलंय?"

मी रीळ डोक्यावर धरलं. तिने दोरा कापला, गुंडाळून माझ्या मुठीत ठेवला.

"हरवू नका. पुढच्या गावात बघू."