झोप लागली ती जागा

दुपारी पडद्यावरचा आकडा हलला. आठवडाभर तो सिनेमाच्या शेवटावर ठाण मांडून बसला होता, आणि आता मागे उडी घेऊन सेकंदामागून सेकंद पुढे निघाला. त्याच्या हातातला चहा हातातच राहिला. रुसून बहिणीकडे जाऊन बसलेली त्याची बायको तिकडे त्यांचाच अर्धवट राहिलेला सिनेमा बघत होती.

प्रोग्राम त्यानेच लिहिलेला. ती दवाखान्यात रात्रपाळीला असली तरी दोघांना बरोबर बघता यावं म्हणून दोन्हीकडे मिळून एकच आकडा: तास, मिनिटं, सेकंद. एकाने सिनेमा मागेपुढे केला की दुसऱ्याकडेही तसाच सरकायचा. पण झोपाळूबाई घरी असोत की दवाखान्यात, मध्येच पेंगायच्याच. दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, "मला झोप लागली तिथपासून लाव." तो कुरकुरत का होईना, मागे न्यायचा. लग्न झाल्यापासून एकही सिनेमा त्यांनी सरळ पाहिला नव्हता.

गेल्या आठवड्यात मात्र ती शेजारी झोपलेली असताना त्याने शेवटापर्यंत बघून टाकला. वर म्हणाला, "तुझ्यासाठी मी किती वेळा मागे यायचं?" तिने उठून बॅग भरली आणि गेली. तेव्हापासून फोनही उचलत नव्हती, आणि आता ही कायमचीच जाते की काय, या विचाराने त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

आकडा चालत होता. मध्येच थांबला, थोडा मागे आला, पुन्हा चालू लागला. सिनेमातलं होडीवाल्याचं गाणं तिला आवडलं असणार. त्याने हात मांडीवर ठेवले. इथे चुकून बोट लागलं असतं तर तिथे तिची होडी भलतीकडेच गेली असती. पडद्यावर धुकं होतं, पाणी होतं. दोन घरांतून एकच नदी वाहत्येय, असं त्याला वाटत राहिलं.

मग पाण्यावर अक्षरं उमटली: 'बघताय ना?' बराच वेळ कुणी काही दाबलं नाही की प्रोग्राम असं विचारतो. उत्तर आलं नाही. शेवट तोंडावर आलेला असताना सिनेमा आपोआप थांबला.

झोपली. त्याला हसू आलं.

कुठे झोपली असेल? होडीवाला वल्हं आत ओढून घेतो आणि नुसतं पाणी वाजत राहतं, तिथे. त्यापुढे ती टिकणं शक्यच नव्हतं. त्याने ती वेळ टाइप केली, ००:४७:१२, आणि बटण दाबलं. शेवट पुन्हा दूर गेला. धुकं परत आलं, होडी मधोमध थांबून राहिली. तोही तसाच बसला. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून विरून गेलं.

आकडा पुन्हा हलला. या वेळी उलटा. थोडा मागे, अजून थोडा मागे. आणि फोन वाजला.

"तिथे नाही," तिचा आवाज झोपेने जड होता. "गाणं संपता संपताच डोळा लागला माझा."

"बरं." तो म्हणाला. "चुकलं माझं. मी मागे आलोय."

"दिसतंय मला."

त्याने पडद्याकडे पाहिलं. होडी आता गाण्याजवळ थांबली होती.

"आता कशाला हात लावू नकोस," ती म्हणाली. "मी घरी येईपर्यंत तिथेच राहू दे."