जावयाचा कॉम्प्रेसर

"हाही नको," दिनानाथ म्हणाले आणि फडक्याला हात पुसू लागले.

बनारसच्या लोहटिया बाजारातल्या दुकानदाराने कपाळाला हात लावला. "पंडितजी, अब इसमें क्या खराबी है?"

दिनानाथांनी कॉम्प्रेसरच्या नळीत बोट फिरवलं आणि जावयासमोर धरलं. बोट काळपट, ओशट झालं होतं. "टायरमध्ये भरायला ही हवा ठीक आहे, श्रीरामराव. माणसाच्या छातीत नाही. शिवाय एवढ्याशा दाबाने तुमची टाकी पावही भरायची नाही."

श्रीरामने मान हलवली. चारचौघांत आवाज चढवणाऱ्यांतला तो नव्हता. मुंबईला पाणबुडे पुरवणाऱ्या एका कंपनीत तो अधिकारी होता. स्वतः बुडी मारायला शिकला होता, पण टाक्या भरणारी माणसं तिथे निराळी असत. पाठीवर बांधायच्या हवेच्या दोन टाक्या त्याने रेल्वेने आणल्या होत्या. त्या एकदा रिकाम्या झाल्या की बनारसमध्ये पुन्हा भरून देणारं कुणी नव्हतं. म्हणून दूधविनायक मोहल्ल्यातल्या सासऱ्यांच्या घरी, गच्चीवर बसेल असा कॉम्प्रेसर हवा होता. सासऱ्यांचा जन्म रेल्वेच्या कारखान्यात ब्रेकचे कॉम्प्रेसर दुरुस्त करण्यात गेलेला. तेव्हा पारख त्यांनी करायची हे ठरूनच गेलं. आणि दिनानाथ एकेक नापास करत सुटले होते.

शोधायचं होतं ते अवनीला. दिनानाथांची ही एकुलती एक लेक चौऱ्याण्णवच्या चैत्रात माहेरी आली, ती भर उकाड्यात लांब बाह्यांचं पोलकं घालून आणि तोंडाला कुलूप लावून. श्रीराम तिला न्यायला यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी पहाटे ती अंघोळीला म्हणून बाहेर पडली. संकठा घाटावर तिच्या चपला सापडल्या, ती सापडली नाही. घाटावरच्या मल्लाह नावाड्यांनी तळ ढवळून काढला. एव्हाना अंग वर यायला हवं होतं, असं ते आपसांत बोलत.

श्रीरामला मात्र नुसत्या बोलण्यावर विसंबायचं नव्हतं. "पायऱ्यांखाली कपारी आहेत, बुडालेल्या नावा आहेत. बाबा, ती माझी बायको आहे. असेल तशी शोधून काढीन. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी तिचं दहावं करणार नाही."

गल्लीत जो तो म्हणे, नवरा असावा तर असा.

पुढचा कॉम्प्रेसर कलकत्त्याहून आला. दाब भरपूर होता आणि यंत्र पेट्रोलवर चालणारं होतं, म्हणजे वीज गेली तरी अडायचं नाही. वीज तर रोजच जायची. श्रीराम खूष झाला. दिनानाथ वाकून पाहू लागले. इंजिनाचा धूर जिथून बाहेर पडत होता, तिथून वीतभर अंतरावर हवा आत ओढली जात होती.

ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"काय झालं, बाबा? चालेल ना?"

दिनानाथांनी कपाळावरचा घाम पुसला. "नको," ते शेवटी म्हणाले. "हा धूर टाकीत शिरेल. काही कळायचं नाही. पाण्याखाली माणसाला झोप लागते, ती कायमचीच."

"तुम्ही होतात म्हणून वाचलो," श्रीराम म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला. दिनानाथांनी पाय किंचित मागे घेतले.

जेवायला बसल्यावर मृणालिनीबाईंचा बांध फुटला. "आणखी किती यंत्रं परत पाठवणार आहात? माझी पोर तिकडे पाण्यात पडलीय आणि तुम्ही तेल नि धूर बघत बसलात!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. श्रीराम हळूच म्हणाला, "आई, शांत व्हा." दिनानाथ पानावरून उठले. बायकोचे सुजलेले डोळे त्यांना बघवत नव्हते. हात धुऊन ते गच्चीवर गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारत राहिले, खाली आले, पुन्हा वर गेले.

त्यानंतरचा कॉम्प्रेसर कानपूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातला होता. विजेवर चालणारा, चांगल्या गाळण्या बसवलेला, आतून स्वच्छ. दिनानाथांनी तो खोलून पाहिला, पुन्हा जोडला, पुन्हा खोलला.

"वारा मणिकर्णिकेकडून येतो," ते म्हणाले. "चितांचा धूर ओढेल हा."

 बाजारात जाऊन श्रीरामने लांब नळी आणली आणि तिचं तोंड घराच्या पार मागच्या बाजूला नेऊन बांधलं. आता नापास करायला काहीच उरलं नाही. दुपारी गच्चीवर यंत्र धडधडू लागलं, दाबाचा काटा चढू लागला.

"उद्या सकाळी उतरतो," श्रीराम काट्याकडे बघत म्हणाला. "सगळा तळ चाळून काढतो. नाही सापडली, तर मग ती नदीत नाहीच, असं धरून चालू. बरोबर ना, बाबा?"

दिनानाथ "हो" म्हणाले आणि कठडा धरत जिना उतरले.

मृणालिनीबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. "सापडेल ना हो उद्या माझी पोर?" त्यांनी विचारलं.

दिनानाथांनी दार लोटून घेतलं आणि त्यांच्यासमोर खालीच बसले. आता हे एकट्याने सोसवत नव्हतं.

"अगं, ती नदीत नाही. चपला मी ठेवल्या घाटावर. मुगलसरायला तिला गाडीत बसवून दिलं ते मीच. तिच्या दंडावरचे चटके पाहिले होते मी. तुला सांगितलं नाही, कारण तू रडत होतीस म्हणून तर त्याचा विश्वास बसत होता. माझ्यावर राग धर हवा तर." आणि इतक्या दिवसांचं रडू त्यांना एकदम कोसळलं.

मृणालिनीबाईंनी एकदा छताकडे पाहिलं. यंत्र चालू होतं.

"गाडीत खायला तिच्या पिशवीत दशम्या होत्या ना?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्या मी बांधून दिल्या होत्या."

 दिनानाथांनी डोळे पुसायला उपरणं उचललं, तर बाईंनी त्यांचा हात धरला.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "असेच वर त्याच्यासमोर जा."