संध्याकाळची सुई

"सगळ्यांत खालची ओळ वाचा," डॉक्टर म्हणाले. नानांनी ती चष्म्याशिवाय घडाघडा वाचून दाखवली.

निरुपमानं कपाळाला हात लावला.

"नजर उत्तम आहे की हो!" डॉक्टर म्हणाले.

"सकाळी उत्तमच असते. संध्याकाळी बघा त्यांना. पापण्या उचलत नाहीत, एकाचे दोन दिसतात. परवा जेवताना घास घशात अडकला. जीव गेला असता."

"हिला मेली सवयच आहे काळजी करायची," नाना म्हणाले आणि टोपी घालून उठले.

याआधीच्या दोन्ही डॉक्टरांकडे असंच झालं होतं. जायचं ते सकाळीच, हा नानांचा हट्ट. एकानं चष्मा दिला, दुसऱ्यानं वयाकडे बोट दाखवलं. पण लहरीपुऱ्यातले हे डॉक्टर राजाध्यक्ष विलायतेहून नुकतेच शिकून आले होते. ते दारापर्यंत आले.

"उद्या संध्याकाळी या. दिवसभर वाचा, लिहा, डोळे दमू द्या."

नानांचा चेहरा उतरला.

नाना म्हणजे भास्करराव दिघे. सरकारी शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांची हयात गेली. अर्ध्या बडोद्याच्या बोटांना पेन्सिल धरायला त्यांनी शिकवलं होतं. मांडवीजवळच्या घरात आता बापलेकच उरली होती. मानमोडीच्या साथीत निरुपमाची बहीण शरयू गेली आणि तो घाव न सोसून पुढं आईही गेली. निरुपमा मुलींच्या शाळेत शिकवायची. लग्नाचं वय टळलं होतं, आणि त्याची खंत तिनं कधी केली नव्हती.

दुखणं सुरू झाल्यापासून नाना दिवसातून दोन माणसं झाले होते. सकाळी "निरू, चहा टाक गं!" म्हणून आळीला ऐकू जाईल अशी हाक. दिवस कलला की आवाज नाकात जायचा, मान कलायची, पापण्या निम्म्यावर यायच्या. पहिल्या डॉक्टरांनी एका डोळ्यावर बांधायला काळी पट्टी दिली होती. तिनं दोनाचं एक व्हायचं. जिना उतरताना, रस्त्यानं चालताना नाना ती न चुकता बांधायचे. निरुपमा दिवा लावून समोर येऊन बसली, की मात्र काढून ठेवायचे.

"आलात? बसा," म्हणायचे.

गेल्या वर्षी तिला शाळेत बढती मिळाली, तेव्हापासून हा मान सुरू झाला असावा, असं तिला वाटायचं. तीही थट्टेनं पदर सावरून बसायची. मग नाना जुन्या गोष्टी काढायचे. कमाटीबागेतला बँड. सुरसागराच्या काठावरचे ओले भुईमूग. दसऱ्याची स्वारी.

"अंबारीचा हत्ती जवळ आला तेव्हा माझ्या धोतरात शिरला होतात, आठवतं?"

"मी नव्हते हं घाबरले."

"बरं, नव्हतीस," नाना हसायचे. दमलेल्या चेहऱ्यावरचं ते हसू पाहून तिला भरून यायचं. हा माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिच्या मनात असायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं टांगा आणला. नाना टोपी सावरून बसले. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं "आवो काका, बेसो," म्हणत खुर्ची पुढं केली.

डॉक्टरांनी नानांना छताकडे एकटक बघायला लावलं. बघता बघता पापण्या खाली आल्या.

"समोर दिवे किती?"

"दोन."

डॉक्टरांनी हातानं एक डोळा झाकला. "आता?"

"एक."

"डोळ्यांत दोष नाही," डॉक्टर निरुपमाला म्हणाले. "स्नायू वापरले की थकतात. मायस्थेनिया म्हणतात याला. डोळ्यांवरून तो घशावर आलाय, पुढं श्वासावर येईल. पण विलायतेत आता त्यावर औषध निघालंय."

दंडात सुई दिली. मग नुसतं थांबायचं. बाहेर टांग्यांच्या घंटा वाजत होत्या. निरुपमा नानांच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि नाटकाचा पडदा सरकावा तशा नानांच्या पापण्या वर गेल्या. मान ताठ झाली.

"दिवे किती, मास्तर?"

"एक." आवाज सकाळचा होता.

"आता मुलीकडे बघा."

नानांनी मान वळवली. निरुपमाकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या रिकाम्या बाकाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

निरुपमालाही रडू फुटलं. इतक्या दिवसांची धास्ती त्या रडण्यात वाहून गेली.

"असर काही तासच टिकतो," डॉक्टर खुशीत म्हणाले. "रोज संध्याकाळी येत जा. इथून गेलात की पोटभर जेवा."

"सकाळी येईन," नाना म्हणाले. "दुपारी म्हणाल तर दुपारी येईन. जेवण त्याच वेळी उरकीन. संध्याकाळची सुई नको."

"नाना, काहीतरीच काय!" निरुपमाचा आवाज चढला. "संध्याकाळीच तर घास अडकतो. तुम्हाला बरं व्हायचं नाही का?"

"संध्याकाळी उपाशी राहीन, पोरी."

"पण का?" डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "हा हट्ट जिवावर बेतेल, मास्तर. मला कारण तरी कळू द्या."

नानांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"दिवेलागणीला ही माझ्यासमोर येऊन बसते ना डॉक्टर, तेव्हा हिच्या शेजारी शरयू बसलेली असते. जुळ्या होत्या माझ्या. ती आठव्या वर्षी गेली. एवढी मोठी झालेली ती मला दुसरीकडे कुठं दिसणार?"