दर शनिवारचं गाणं

नागपूरहून लेकीकडे आयर्लंडमधल्या डून लेरीला आलेल्या सुरेखाबाईंना तीन आठवड्यांत एकही गाणं ऐकायला मिळालं नव्हतं. एरवी "आज दमलेय गं आई," म्हणणारी क्षितिजा शनिवारी मात्र पेटी उचलून, अंथरुणाला खिळलेल्या मॉरीन आजींना गाणं ऐकवायला जात असे. सख्ख्या आईला वगळून परक्या म्हातारीला गाणं, हे सुरेखाबाईंच्या मनाला डसत होतं. अखेर २००५च्या मार्चमधल्या एका शनिवारी, "बघू तरी, कोण एवढी लागून गेलीय ती!" म्हणत त्याही सोबत निघाल्या.

क्षितिजाने यमन सुरू केला. मॉरीन आजी डोळे मिटून ऐकत होत्या, मधूनच "ग्रँड, ग्रँड" म्हणत होत्या. तीस वर्षं गाणं शिकवलेल्या सुरेखाबाईंना राहवलं नाही.

"मध्यम उतरलाय तुझा. परत घे."

क्षितिजाची बोटं पेटीवर थांबली.

"काय म्हणाली गं तुझी आई?" मॉरीन आजींनी इंग्रजीत विचारलं.

"म्हणाली, फार छान गातेस," क्षितिजाने इंग्रजीतच सांगितलं.



तेवढं इंग्रजी समजणाऱ्या सुरेखाबाईंनी हे वाक्य लेकीला मराठीत कधीच म्हटलं नव्हतं.