चिमणचा आवाज

तलासरी नाक्यावर प्रचाराची रिक्षा वाजायला लागली की लोक उमेदवाराचं नाव ऐकायच्या आधीच म्हणायचे, "चिमण आला." यंदा ओरडून ओरडून चिमणच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर एक शब्द जरी बोललास तर ऑपरेशन करावं लागेल." पण तोवर त्याने दोन्ही पार्ट्यांना रेकॉर्डिंग करून दिलं होतं.

बाजाराच्या दिवशी दोन्ही रिक्षा नाक्यावर समोरासमोर अडकल्या. एकीतून चिमण ओरडत होता, "ताईंनाच निवडून द्या!" दुसरीतून चिमणच ओरडत होता, "ताईंना घरी बसवा!" कोणी मागे हटेना, कोणी आवाज कमी करेना. ट्रक पार गुजरातपर्यंत तुंबले.

नवीन बदली होऊन आलेल्या हवालदाराने विचारलं, "कोणाचा आवाज आहे हा?"

"चिमणचा," म्हणत लोकांनी भाजी घेत उभ्या असलेल्या चिमणकडे बोट दाखवलं.

"साहेब, याला बोलायची बंदी हाय," त्याची बायको जमना मध्ये पडली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"बंदी? अगं, हा तर दोन-दोन तोंडांनी बोलतोय!" हवालदाराने पोलिसांच्या गाडीतला माइक चिमणच्या हातात कोंबला. "सांग दोघांना, गप्प बसा म्हणून."

चिमणने घाबरत तोंड उघडलं. भोंग्यातून पत्रा घासल्यासारखी नुसती खरखर आली.

 

हवालदाराने माइक हिसकावून घेतला. "हा नव्हे रे! खऱ्या चिमणला आणा."