चौकातला अपघात, पुन्हा एकदा

"रडू नका. दाखवा," दिग्दर्शिका ब्रांडिसबाई म्हणाल्या.

पागेलने बाहीने डोळे पुसले. मंडईत बटाट्याच्या गोण्या वाहणारा हा माणूस रंगमंचावर पहिल्यांदाच चढला होता. वर सगळे पांढरे दिवे लावलेले. बाईंच्या नाटकात अंधार नसायचाच.

"तुम्ही म्हातारे मीलके नाही," बाई पुढे म्हणाल्या. "तुम्ही फुटपाथवर उभे होतात. त्यांनी काय केलं, तेवढं आम्हाला दाखवा. स्वतः मीलके होऊ नका."

पूर्व बर्लिनच्या त्या मंडळीत नव्या नटाला आधी हेच शिकवत. अपघात पाहिलेला माणूस चौकात उभा राहून तो कसा सांगतो, तसा अभिनय कर. या वेळी खराच अपघात घ्या, असं कपडेपट सांभाळणाऱ्या हेडविग मीलकेने सुचवलं होतं. गेल्या नोव्हेंबरात ट्रकखाली गेला तो तिचा नवरा. ट्रक थांबला नाही, पुढे सापडलाही नाही. पाहणारा एकटा पागेल, म्हणून त्याला बोलावलेलं.

हेडविग पहिल्या रांगेत एका कोटाला गुंड्या लावत बसली होती. त्या सकाळी भांडणात ती नवऱ्याला म्हणाली होती, "जा, परत आला नाहीस तरी चालेल." आठ महिने तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं. तो फुटपाथवरून घसरला, की मुद्दाम रस्त्यावर उतरला?

पागेल फुटपाथच्या जागी, रंगमंचाच्या कडेला उभा राहिला.

"इथे तो थांबला. टोपी काढली. ट्रककडे नीट पाहिलं. आणि उतरला. आपणहून."

हेडविगची सुई थांबली.

"आता चालक," बाई म्हणाल्या.

तरणा नट योखेन ट्रक म्हणून मांडलेल्या टेबलावर चढला आणि त्यावरच्या खोक्यामागे बसला.

"अरे, नुसतं मुंडकंच दिसतंय!" खालून कोणीतरी हसलं. "कोबीचा गड्डा ठेवलाय जणू."

"असू दे. फुटपाथवरून तेवढंच दिसतं. न पाहिलेलं आपण दाखवत नाही," बाईंनी दटावलं. "पागेल, चालकाचं डोकं कसं होतं?"

"खाली वाकलेलं."

"का?"

"मला काय ठाऊक, बाई?"

योखेनने वाकून पडलेली सिगारेट शोधली. पागेलने मान हलवली. योखेनने पोटरी खाजवली. सगळे हसले.

"आता काय, चालकाला झोप लागली म्हणू?"

"तसं नाही रे, गाढवा!" पागेल चिडला. "ऊठ तिथून."

तो स्वतः टेबलावर चढला आणि खोक्यामागे बसला. त्याने गुडघे घट्ट आवळले.

"थर्मास असा, दोन गुडघ्यांत. थंडीने झाकण घट्ट बसलेलं. कोपराने स्टिअरिंगचं चाक धरायचं आणि असं पिरगळायचं. एकदा. दोनदा. निघेना. तिसऱ्यांदा निघालं, कॉफी मांडीवर सांडली, मान वर केली, तोवर..."

त्याचे दोन्ही हात चाकाकडे झेपावले आणि हवेतच राहिले.



हेडविगने कोट खुर्चीवर ठेवला आणि रंगमंचाच्या कडेशी येऊन उभी राहिली. खोक्याकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"पागेल," ती म्हणाली, "मला इथून तुमचे गुडघे दिसत नाहीत."